दुसरं कोकरू

"हिऱ्यात नाही," जीपमधून पाय खाली टेकवायच्या आतच डॉक्टर हेर्लेकर म्हणाले.

आई मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी सांधत होती. तिचे हात जागच्या जागी थांबले. मी चुलीवरचा चहा तसाच उकळत टाकून बाहेर आले.

"नाही म्हणजे काय, सर?"

"मोरकी मेंढीच्या रक्तात जुळ्यांचं जनुक आहे. पक्कं आहे, दोनदा तपासलं. पण ते तिच्या नरात, हिऱ्यात, उतरलेलं नाही."

"आईत हाय आन् लेकात न्हाय, ह्ये कसं?" आईनं विचारलं.

"मावशी, तो निम्मा-निम्मा खेळ असतो. आईकडं दोन वाटे असतात, त्यातला एकच लेकराला मिळतो. कुठला मिळायचा ते कुणाच्या हातात नाही. हिऱ्याला नेमका नको तो मिळाला."

डॉक्टर तरुण होते, कोल्हापूरकडचे. मेंढ्यांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेतून ते आमच्या माणदेशातल्या वस्त्यांवर फिरायचे. बोलताना हातवारे इतके करायचे की मेंढरं बिचकायची. त्या दिवशी मात्र ते हात खिशात घालून उभे राहिले, म्हणजे त्यांनाही वाईट वाटलं होतं.

आमची मेंढरं आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ धुळातात्या या दोघांच्या एकत्र कळपात होती. ज्येष्ठात रानोमाळ भटकून आम्ही वस्तीवर परत यायचो आणि तेव्हाच त्या सालचा पैदाशीचा मेंढा ठरायचा. तात्यानं यंदा एका दलालाकडून विलायती मेंढा ठरवला होता. पांढरं अंग, काळं डोकं आणि दारात मावणार नाही अशी छाती. तो आफ्रिकेतून विमानानं आला असं दलाल सांगायचा, आणि तात्या ते असं सांगायचा की वाटावं, हा स्वतः विमानतळावर त्याला घ्यायला गेला होता.

डॉक्टरांनी तात्याला पुष्कळ समजावलं होतं. परदेशातलं जनावर देशात येतं तेव्हा त्याला आधी वेगळं बांधून ठेवतात, रक्त तपासतात, मग कागद देतात. याचा कागद कुठाय? एखादा रोग घेऊन आला तर अख्खा कळप बसेल. आणि आला धडधाकट, तरी त्याची पोरं आपल्यासारखी शंभर कोस चालतील का?

"कागद बघून मेंढ्या गाभ धरत्यात व्हय, डॉक्टर?" तात्यानं विचारलं होतं.

आईला मात्र मोरकीचा नर हवा होता. मोरकी आईची होती, आंदणातली. लग्नात आजोळच्यांनी आईबरोबर मेंढ्या दिल्या होत्या. त्यातल्या काही दुष्काळात गेल्या, काही आजारात, आणि त्यांच्या वंशातली मोरकी तेवढी एकच उरली होती. ती हमखास जुळी द्यायची. पण आमच्याकडं जुळ्यांचं कौतुक कुणाला? रोज बिऱ्हाड हलतं, चारा मिळेल तेवढा मिळतो, त्यात एका मेंढीला दोन पाजायची म्हणजे दोन्ही मरतुकडी निघणार. मोरकी व्याली की तात्या म्हणायचा, "आली वयनीच्या माहेरची कटकट." आई हसण्यावारी न्यायची. पण गेल्या वर्षापासून डॉक्टर सांगत होते की जुळी हे वरदान आहे. मेंढीला व्यायच्या आधी महिनाभर आणि नंतर कोकरं चरायला लागेपर्यंत मूठभर भरडा, पेंड आणि मीठ द्या, बघा दोन्ही कशी टुणटुणीत होतात ते. तात्या म्हणाला होता, "भरडा? उद्या पाटावर बसवा तिला." तरी शेवटी एवढं ठरलं होतं की मोरकीच्या हिऱ्यात जुळ्यांचं जनुक निघालं तर तोच कळपाचा मेंढा. नाही निघालं तर सोमवारी विलायती दारात. मोरकी आता म्हातारी झाली होती. तिचा नर लागला नाही तर आजोळचं रक्त आमच्या कळपातून संपणार होतं, आणि हे आई कुणाला बोलून दाखवत नसली तरी मला कळत होतं.

"मोरकीला हिऱ्याशिवाय दुसरा नर नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं. "मागं आलो तेव्हा मायाप्पा नाही म्हणाले होते. तरी विचारतो."

"नाही," मी म्हणाले. मायाप्पा म्हणजे आबा. मला तरी दुसरा माहीत नव्हता. मी दहिवडीला वसतिगृहात राहून शिकत होते आणि सुट्टीपुरती कळपात असायची.

 आईनं जाळी खाली ठेवली, पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. मग एकदम म्हणाली, "शाले, तात्याचा टेंपो कुठवर गेला असंल गं?"

"कुठला टेंपो?"

"नरांचा. पहाटं भरला न्हाय का त्येनं. आटपाडीच्या बाजाराला."

"पोचला असेल एव्हाना. का?"

"डॉक्टरास्नी सांग, गाडी आटपाडीला घ्या म्हणावं."

"अगं पण का?"

"सांगती. आधी बुचीला इचारू दे."

बुची आमची एक आखूड कानांची मेंढी, स्वभावानं गरीब. लंगडत होती म्हणून त्या दिवशी चरायला न जाता वाघरीतच होती. आई पालात शिरली आणि हळदीची पुडी घेऊन आली. डॉक्टरांना काही कळत नव्हतं, पण आटपाडी हा शब्द ऐकून ते जीपमध्ये जाऊन बसले होते आणि त्यांनी इंजिनही चालू केलं होतं. आई बुचीपुढं उकिडवी बसली. तिच्या कपाळाला हळद लावली, हात जोडले आणि तिच्या कानापाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत राहिली.

डॉक्टरांनी हॉर्न वाजवला.

"आये, चल की," मी म्हणाले.

"थांब. तिला नीट ऐकू तर जाऊ दे."

पुन्हा हॉर्न. बुचीचं या वर्षीचं कोकरू दचकून तिच्या पोटाखाली शिरलं. ते पितंय ना हे आईनं नीट बघितलं, त्याच्याही कपाळाला बोट लावलं आणि मग उठली. जीपमध्ये बसायची सवय नव्हती तिला. एक पाय आत टाकून ती तशीच लोंबकळत राहिली तेव्हा मी मागून ढकललं.

रस्ता खडीचा होता. डॉक्टर गाडी हाकत होते ती आम्हाला पोचवायला की उडवायला ते समजत नव्हतं. वस्ती मागं पडली आणि म्हसवडची झाडं दिसायला लागली तेव्हा आईनं तोंड उघडलं.

"हिऱ्याच्या येळी मोरकीनं दोन दिली हुती. दोन्ही नर."

डॉक्टरांनी इतका जोरात ब्रेक दाबला की माझं डोकं समोरच्या काचेला लागता लागता राहिलं.

"दोन? आणि दुसरा?"

"बुचीचं मेलं हुतं त्याच राती. तिचं थान तटतटलं हुतं, वरडून वरडून जीव टाकत हुती. मोरकीचं दुसरं उचललं आन् तिला लावलं."

"मग हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं नसतंय."

"का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. हे मला सांगणंही तिला जड जात होतं. आमच्या घरात आजीपासून चालत आलेला एक नियम होता. पोरकं किंवा जास्तीचं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं झालं की तिचंच दूध त्याच्या अंगाला चोळायचं, वर थोडं मीठ. मेंढी मीठ चाटते, चाटता चाटता तिला आपल्याच दुधाचा वास येतो आणि ती त्याला जवळ घेते. तिनं जवळ घेतलं की दोघांच्या कपाळाला हळद. आणि त्या घडीपासून ते तिचं. कुणाच्या पोटचं, हा शब्द पुन्हा कुणी उच्चारायचा नाही, घरातसुद्धा नाही. उच्चारला तर मेंढीच्या कानावर जातो आणि तिचा पान्हा आटतो. हे काम बायकांचं. पुरुष माणूस मेलेलं कोकरू पुरायला तेवढा यायचा.

"आबांना माहीत होतं?" मी विचारलं.

"त्येंनीच पुरलं बुचीचं. म्हणून तर त्ये न्हाय म्हणालं डॉक्टरास्नी. बुचीचा झाल्यावर मोरकीला दुसरा नरच न्हाय."

 डॉक्टरांना हसू फुटलं आणि हसता हसताच त्यांनी गिअर टाकला.

"मावशी, एक सांगून ठेवतो. याच्यात जनुक असेलच असं नाही. पुन्हा तोच निम्मा-निम्मा खेळ."

"असू दे निम्मा. पर खेळू तरी द्या."

दिघंचीच्या पुढं रस्ता चांगला लागला. बाजाराला निघालेल्या बैलगाड्या, टमटमी, बोकडं मांडीवर घेऊन बसलेली माणसं, सगळ्यांना मागं टाकत आम्ही चाललो होतो. आईनं एका हातानं जीपचा गज आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरला होता. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मजा येत होती. आयुष्यात पहिल्यांदाच आई माझ्या शेजारी बसून कुठंतरी घाईनं निघाली होती.

बाजार ऐन भरात होता. काळ्या मेंढरांचा नुसता समुद्र, वर धूळ, आणि मधूनमधून रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करणारे व्यापारी. तात्याला शोधणं अवघड नव्हतं. तो सौदा झाला की भज्यांच्या गाड्यावर असतो. मी तिकडं वळले, पण आई वळली नाही. ती थेट दस्तगीर मुलाण्याकडं गेली. आमचे नर तोच घ्यायचा. पिकलेल्या दाढीचा, गंभीर चेहऱ्याचा, थट्टासुद्धा गंभीरपणानं करणारा माणूस.

त्याच्या ताब्यातले नर एका दोरीला ओळीनं बांधलेले होते आणि सगळ्यांच्या पाठीवर ओला लाल पट्टा होता. आई ओळीत शिरली आणि एका नराचा कान धरून उभी राहिली.

"दस्तगीरभाई, ह्यो सोडा."

"रंग लागला की वयनी," दस्तगीरभाई म्हणाले. "रंग लागला म्हंजी सौदा पुरा. तुमाला काय नवीन सांगायचं?"

"ह्यो इकायचा नव्हता."

"मग आणलाच कशाला?"

तेवढ्यात तात्या भज्यांचा कागद हातात घेऊन धावत आला. मागून मी आणि डॉक्टर.

"वयनी? तुमी कशा काय हितं? दादा बरा हाय न्हवं?"

"बरे हायत. भावजी, ह्यो नर परत घ्या."

"बुचीचा? आन् का म्हणून?"

आईनं इकडंतिकडं बघितलं. भोवती माणसं जमायला लागली होती. आमच्यातल्या बायका बाजारात येतात, मेंढरं धरून उभ्या राहतात, पण सौद्यात तोंड घालत नाहीत. मला वाटलं आपणच बोलावं. मी तोंड उघडलंही होतं, पण आईनं मला हातानं मागं सारलं.

"ह्यो बुचीचा न्हाय," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तिचा तिलाच तो अनोळखी वाटला असावा. "ह्यो मोरकीचा. हिऱ्याचा जुळा. बुचीचं मेलं तवा मी ह्या हातानं तिला लावला."

तात्याच्या हातातला कागद कलला आणि दोन भजी मातीत पडली. त्याला धक्का नराचा बसला नव्हता. वहिनी हे बोलली, चारचौघांत बोलली, याचा बसला होता.

"वयनी, आसं बोलत न्हाईत," तो हळू आवाजात म्हणाला.

"ठावं हाय मला. बुचीला इचारून आलीया."

कुणीतरी हसलं. दस्तगीरभाईंनी हसणाऱ्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला.

"हे बग धुळाप्पा," ते म्हणाले. "मला तुमच्या घरातलं काय कळत न्हाय. पर एक कळतं. नर तुमच्या भावाभावांचा असंल, तर तू इकला आन् माझा झाला. बाईच्या आंदणातला असंल, तर बाईला न इचारता इकायचा तुला हक्कच नव्हता. मग माझा सौदा झालाच न्हाय. काय त्ये तू ठरव. आन् लवकर ठरव, माझी गाडी उभी हाय."

तात्या कात्रीत सापडला. हा नर मोरकीचा म्हणावा, तर बाजारभर झालं असतं की धुळा मेटकऱ्यानं वहिनीचं आंदण विकलं. बुचीचा म्हणावा, तर वहिनी खोटी ठरत होती. शिवाय सोमवारी येणारा विलायती त्याच्या डोळ्यांपुढं उभा असणार. तो आईकडं बघत राहिला. आई नराचा कान सोडायला तयार नव्हती.

"दादाला ठावं हाय?" त्यानं विचारलं.

"त्येंनीच पुरलं बुचीचं."

"आन् आसं आजवर... आणखी कुठली कुठली?"

 "आज ह्याचं बोला, भावजी," आई म्हणाली.

तात्यानं मान खाली घातली. मातीत पडलेलं भजं पायानं बाजूला केलं. मला वाटलं आता हा चिडणार, कारण चिडणं हा त्याचा पहिला उपाय असायचा.

"द्या सोडून, दस्तगीरभाई," तो म्हणाला. "वयनीचा हाय. चूक माझी."

दस्तगीरभाईंनी शांतपणे दोरी सोडली. "रंग मातुर मी धुणार न्हाय," ते म्हणाले, आणि मग मात्र सगळेच हसले, आईसुद्धा.

डॉक्टरांना दम कुठला निघायला. तिथंच, जीपच्या सावलीत, त्यांनी पेटी उघडली. दस्तगीरभाईंनी नराची मान गुडघ्यांत धरली, तात्यानं मागचे पाय, आणि डॉक्टरांनी मानेतून रक्त काढलं. नळी उन्हात धरून ते तिच्याकडं असे बघत होते की उत्तर तिथंच दिसणार आहे. येताना नराला जीपच्या मागच्या भागात कोंबलं आणि त्याच्याशेजारी तात्याला. वाटभर तात्या एकच वाक्य बोलला.

"मी थांबतो. पर ह्याच्यातबी न्हाय निघालं, तर इलायती येणार. मग कुणी काय बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलणार," आई म्हणाली.

वस्तीवर उतरल्या उतरल्या आई पळत गेली ती बुचीकडं. मीही गेले. बुची उभ्या उभ्या रवंथ करत होती आणि तिचं कोकरू ढुशा देऊन देऊन पीत होतं, शेपटी नुसती भिरभिरत होती. आईनं तरी हात घालून थान चाचपून बघितलं. मग वाघरीच्या खुंटाला टेकून बसली, आणि बराच वेळ उठलीच नाही.

आबा मेंढरं घेऊन परतले तेव्हा कुणी काही सांगायच्या आत त्यांना पाठीवर लाल पट्टा असलेला नर दिसला. त्यांनी काठी टेकली आणि आईकडं बघितलं.

"मी बोलले," आई म्हणाली. "बाजारात. सगळ्यांसमोर."

आबा मितभाषी होते. त्यांनी पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा घातलं.

"बुचीला इचारलं हुतंस?"

"हात जोडलं."

"मग झालं."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. नराचं नाव आम्ही बाजाऱ्या ठेवलं. तोवर त्याला नावच नव्हतं, बुचीचा म्हणूनच ओळखायचे. तात्यानं त्याला हाक मारायचं टाळलं, पण जाता येता त्याच्याकडं बघायचा. त्याच्याकडंच नाही, प्रत्येक मेंढीकडं. एकेकीच्या तोंडापुढं बसून तो कान, कपाळ, नाकाची ठेवण निरखायचा, मग मोरकीकडं बघायचा, मग पुन्हा त्या मेंढीकडं. एकदा आईनं विचारलं, "भावजी, काय शोधताय?" तर म्हणाला, "गोचीड." मी तोंडात ओढणी कोंबून पालामागं पळाले.

दलालाचा निरोप दोनदा आला. दुसऱ्यांदा त्यानं सांगितलं की मेंढ्याला गिऱ्हाईक खूप आहेत. तात्या त्या दिवशी जेवला नाही. आई रोज मोरकीला मूठभर भरडा घालायची आणि बाजाऱ्यालाही, आणि तात्या ते बघून न बघितल्यासारखं करायचा.

निकाल फोनवर येणार होता. आमच्याकडं फोन कुठला. गावातल्या किराणा दुकानात एक होता आणि डॉक्टरांनी तोच नंबर घेतला होता. मी रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचे. दुकानदार कंटाळला, म्हणाला, पोरी, तुझ्या लग्नाचा निरोप यायचाय का? एके दिवशी फोन खणखणला आणि त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"शालन?" डॉक्टर ओरडत होते. त्यांच्याकडचा आवाज चांगला येत होता तरी ओरडत होते. "आहे! बाजाऱ्यात आहे. ऐकलंस का? मावशींना सांग, आहे!"

मी रिसीव्हर नीट ठेवला की नाही आठवत नाही. दुकान ते वस्ती हे अंतर मी एका दमात पळाले. चप्पल ओढ्यात राहिली ती दुसऱ्या दिवशी सापडली. आई दिसली तशी मी लांबूनच हात वर केले, आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आधी आई मटकन खाली बसली. तिला वाटलं नाहीच निघालं.

"आहे, आये. आहे गं."

तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. रडली नाही. "माझ्या आईचं राहिलं," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाली. तात्या ओट्यावर विडी ओढत बसला होता. त्यानं विडी विझवली, सायकल काढली आणि दलालाला नको म्हणून सांगायला गेला. जाताना तेवढं बोलल्याशिवाय त्याला राहवलं नाही: "आता समद्या मेंढ्यांनी दोन दोन दिली, तर भरडा वयनीनं जात्यावर काढायचा."

इथंच हे संपायला हरकत नव्हती. इतकी वर्षं कुणी विचारलं तर मी इथपर्यंतच सांगते, आणि लोक खूश होतात. पण माझ्या मनात राहिलं आहे ते याच्या नंतरचं.

मार्गशीर्षात आम्ही नीरेच्या काठाला होतो; मीही चार दिवसांची सुट्टी काढून आले होते. एका बागायतदाराच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवली होती. सकाळी धुकं होतं. मोरकी व्याली आणि तिनं सवयीप्रमाणं दोन दिली. भरड्याची करामत होती की काय, दोन्ही अंगानं भरलेली, उभं राहायला बघणारी. आणि थोड्याच वेळानं वाघरीच्या दुसऱ्या टोकाला कजरी व्याली. कजरी म्हणजे तात्याची सगळ्यात लाडकी मेंढी. तिचं कोकरू मेलेलंच निघालं.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. आबांनी कुदळ घेतली. मी मीठ आणलं. कजरी मान वर करून ओरडत होती, तिचं थान दगडासारखं झालं होतं. आईनं मोरकीचं दुसरं कोकरू उचललं, कजरीच्या दुधात हात भिजवून त्याच्या अंगाला चोळलं, वर मीठ भुरभुरलं आणि कजरीच्या पुढ्यात ठेवलं. कजरीनं हुंगलं, मागं सरली. पुन्हा हुंगलं. मग जीभ लावली. आम्ही सगळे भोवती बसलो होतो. ती चाटायला लागली आणि कोकरू धडपडत तिच्या पोटाखाली गेलं.

आईनं हळदीची पुडी सोडली. तात्यानं हात पुढं केला. हे बायकांचं काम, पुरुष कधी करत नाहीत, पण आईनं काही न बोलता पुडी त्याच्या हातात दिली. त्यानं कजरीच्या कपाळाला हळद लावली, कोकराच्या कपाळाला लावली. या घडीपासून ते कजरीचं, आणि आता नियमाप्रमाणं सगळ्यांनी उठायचं, आपापल्या कामाला लागायचं. आई उठलीही होती.

"कजरे, ऐक," तात्या म्हणाला.

आई वळली. "भावजी, नगा. तुमची लाडकी हाय ती."

तात्यानं ऐकलं नाही. तो कजरीपुढं मांडी घालून बसला होता आणि तिचा कान त्यानं हातात धरला होता. आवाज बारीक ठेवायचा प्रयत्नसुद्धा त्यानं केला नाही. बांधावर उभ्या असलेल्या बागायतदाराच्या गड्यालाही ऐकू गेलं.

"ह्ये मोरकीचं हाय. आमच्या वयनीच्या मोरकीचं. दूध तू पाज, पर हाय तिचं. ध्यानात ठेव."

 आबा कुदळ धरून उभे होते. आईचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिचे खांदे दिसत होते, आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. कजरीनं कान झटकून तात्याच्या हातातून सोडवून घेतला, एकदा आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा कोकराला चाटायला लागली.